खान्देशात बागेसाठी पुस्तक घेताना आधी काय उघडून बघायचं

बागेचं पुस्तक घेताना आपण कव्हर बघतो, गुलाबाचे फोटो बघतो आणि घेऊन टाकतो. माझं सांगणं असं की दुकानात उभ्या उभ्याच आधी मातीचं प्रकरण उघडा, कारण तिथेच कळतं पुस्तक आपल्या कामाचं आहे की नाही.

आपल्याकडची काळी माती बऱ्याच ठिकाणी चुनखडीची, सामू म्हणजे पीएच आठच्या आसपास. आता पुस्तकात जर सरसकट लिहिलं असेल की कुंडी भरताना मूठभर चुना टाका, तर तो सल्ला कोकणातल्या आंबट लाल मातीला चालेल, जळगाव-धुळ्याला तोच चुना झाडाला नडतो. जास्वंदीची नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, बघितलं असेल तुम्ही, ती लोहाची कमतरता असते, म्हणजे मातीत लोह असतं पण चुनखडीमुळे मुळांना ते घेता येत नाही. हे ज्या पुस्तकात नीट समजावलंय आणि शेणखत, चिलेटेड लोहाची (म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा रूपातल्या लोहाची) फवारणी असं काही दिलंय ते घ्या. "पानं पिवळी म्हणजे पाणी जास्त" एवढ्यावरच विषय संपवला असेल तर ठेवून द्या परत.

मग उन्हाळा बघा. भुसावळकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो, आणि टोमॅटोची फुलं तर ३५ अंशाच्या वर गेलं की गळायलाच लागतात. त्यामुळे "भरपूर ऊन द्या" असं बारा महिन्यांसाठी एकच वाक्य असलेलं पुस्तक गच्चीवरच्या बागेला उपयोगाचं नाही, शेडनेट आणि आच्छादन यावर दोन-चार पानं तरी पाहिजेत. इंग्लंड-अमेरिकेची पुस्तकं दिसायला फार सुंदर पण त्यांचं सगळं वेळापत्रक बर्फ कधी संपतो त्यावर, फोटो बघायला घ्या हवं तर.

रोग-किडीच्या प्रकरणासाठी माझी एक ठरलेली परीक्षा आहे, मिरचीचा चुरडा-मुरडा, म्हणजे पानं आकसून वळण्याचा रोग, काढून बघायचा. पानं वरच्या बाजूला वळली असतील तर बहुतेक फुलकिडे, खालच्या बाजूला वळली तर कोळी नावाची बारीक कीड, आणि व्हायरस असेल तर तो पांढरी माशी पसरवते. तिघांचा इलाज वेगळा. पुस्तक हा फरक फोटोसकट दाखवत असेल, पान उलटं करून बघायला सांगत असेल तर लिहिणाऱ्याने झाडाजवळ बसून लिहिलंय असं समजा. सगळ्याला एकच औषध लिहिलंय? मग नको.

जुनं पुस्तक स्वस्तात मिळालं तर माती, छाटणी, कलमं यासाठी खुशाल घ्या, ते ज्ञान जुनं होत नाही, पण त्यातली औषधं वापरू नका. एंडोसल्फान सुचवलेलं दिसलं की समजायचं पुस्तक २०११ च्या आधीचं, कारण त्या वर्षी सुप्रीम कोर्टाने ते बंद केलं. पपईवरचा पांढरा पिठ्या ढेकूणही आपल्या देशात २००८ मध्ये दिसला, त्याआधीच्या पुस्तकात तो सापडणारच नाही.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची कृषिदर्शनी, म्हणजे पिकांच्या माहितीचं पुस्तक, मी प्रत्येकाला घ्यायला सांगते, आपला भाग त्याच विद्यापीठाकडे येतो. फक्त त्यात खतं हेक्टरी किलोमध्ये असतात आणि नवीन माणूस तिथेच घाबरतो. हिशोब सोपा आहे, हेक्टरी १०० किलो म्हणजे एका चौरस मीटरला १० ग्रॅम, बारा इंची कुंडीला एक ग्रॅमसुद्धा नाही. आपण चमचाभर युरिया टाकतो आणि रोप जळालं की रोपवाल्याला बोलतो!

सूची म्हणजे इंडेक्स नसलेलं पुस्तक संदर्भाला घेऊ नका, आणि सूचीत शास्त्रीय नावं पाहिजेतच, नाहीतर आपलं गिलकं शोधत बसाल आणि ते घोसाळं म्हणून छापलेलं असेल.

महाग पुस्तक असेल तर लगेच विकत घ्यायची घाई नको. जळगावला व. वा. वाचनालय आहे, धुळ्याला गरुड वाचनालय आहे, तिथे चौकशी करा, मिळालं तर एक हंगाम वापरून बघा आणि ज्या पुस्तकाकडे परत परत हात जातो तेच विकत घ्या. जळगावजवळ मामुराबादच्या कृषी विज्ञान केंद्रात गेलात तर भाजीपाल्याच्या घडीपत्रिका मागा, आणि जाताना घरची अर्धा किलोभर माती पिशवीत घेऊन माती तपासणीचंही विचारून या.