गाजलेल्या जुन्या मालिकेची नोंद रसिकांनी मिळून कशी करावी

जुन्या मालिकांच्या आठवणी सांगणारे पुष्कळ भेटतात. पण अमुक प्रसंग कितव्या भागात होता, तो भाग कोणत्या दिवशी दाखवला गेला आणि त्याचे लेखन कोणाचे होते, असे विचारले की बहुतेकांचे बोलणे थांबते. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, आणि त्या काळी व्हिडिओ टेप महाग असल्यामुळे एकदा दाखवलेला कार्यक्रम पुसून तीच टेप पुन्हा वापरण्याची रीत होती. त्यामुळे अनेक मालिकांचा मूळ ऐवजच उरलेला नाही. जे उरले आहे ते वर्तमानपत्रांच्या रद्दीत, माळ्यावरच्या कॅसेटमध्ये आणि प्रेक्षकांच्या डोक्यात विखुरलेले आहे, आणि ते गोळा करणे एकट्याचे काम नव्हे.

मराठवाड्यातील रसिकांनी हे काम हाती घेताना एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. कलाकार, निर्माते आणि चित्रीकरणाच्या जागा मुंबई-पुण्याकडे असल्याने पडद्यामागची हकिकत तिकडची मंडळी अधिक सहज मिळवतील. मात्र ती मालिका परभणीच्या गल्लीत किंवा औशाजवळच्या खेड्यात कशी पाहिली गेली, याची नोंद इथल्या माणसांनी केली नाही तर दुसरे कोणी करणार नाही. म्हणून मालिकेचा इतिहास आणि ती पाहण्याचा इतिहास अशा दोन वह्या पहिल्या दिवसापासून वेगळ्या ठेवाव्यात.

मालिका आणि मर्यादा ठरवा

मालिका निवडताना आवडीबरोबर आवाकाही पाहावा. ‘चार दिवस सासूचे’ ही ई टीव्ही मराठीवरील मालिका २००१ ते २०१३ अशी चालली आणि तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. पाच-सहा जणांच्या गटाने तिचा प्रत्येक भाग नोंदवायला घेतला, तर काम अर्ध्यावर सुटण्याचीच शक्यता अधिक. आठवड्यातून एकदा लागणारी जुनी मालिका घ्यावी, किंवा दैनंदिन मालिकेचे एखादेच वर्ष घ्यावे आणि ते पुरते करावे.

गटात पाच ते सात जण पुरतात. वर्तमानपत्रे चाळणारे दोघे, मुलाखती घेणारे दोघे, कॅसेट आणि यंत्रांची माहिती असलेला एक आणि सगळ्या नोंदी तपासून तक्त्यात उतरवणारा एक, एवढी वाटणी असली की काम चालते. व्हॉट्सॲपचा गट निरोपापुरता ठेवावा; तिथे झालेला निर्णय त्याच दिवशी तक्त्याच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहावा, नाहीतर तो शुभ सकाळच्या चित्रांखाली गाडला जातो.

तक्ता आधी, माहिती नंतर

संगणकावर एका भागाला एक ओळ असा तक्ता आखावा. त्यात भाग क्रमांक, प्रक्षेपणाची तारीख, वार, वेळ, वाहिनी, लेखक, दिग्दर्शक, त्या भागात दिसलेले कलाकार, पाच-सहा वाक्यांचे कथासार, नोंद करणाऱ्याचे नाव आणि आधार हे रकाने असावेत. यांतला आधाराचा रकाना सर्वांत मोलाचा आहे. भाग स्वतः पाहून केलेल्या नोंदीला ‘अ’, त्या काळच्या छापील मजकुरावरून केलेल्या नोंदीला ‘ब’ आणि केवळ आठवणीवरून केलेल्या नोंदीला ‘क’ अशी श्रेणी द्यावी. आधार मिळाला नाही तर तो रकाना रिकामा सोडावा. अंदाजाने भरलेली तारीख एकदा तक्त्यात शिरली की तीच पुढे दहा ठिकाणी उतरवली जाते, आणि मग ती चुकीची आहे हे कोणाला सांगूनही पटत नाही.

वाराचा रकाना अनेकांना फालतू वाटतो, पण तारीख तपासण्याचे तेच सर्वांत सोपे साधन आहे. ‘हम लोग’ ही मालिका ७ जुलै १९८४ रोजी सुरू झाली, आणि त्या दिवशी शनिवार होता. साप्ताहिक मालिकेची एखादी तारीख भलत्याच वारी येत असेल तर तिथे थांबून शोध घ्यावा. याच मालिकेच्या भागांची संख्या कुठे १५४ तर कुठे १५६ अशी छापलेली आढळते. अशा वेळी एक आकडा निवडून दुसरा पुसू नये. दोन्ही आकडे त्यांच्या आधारांसह लिहावेत.

नावे श्रेयनामावलीत जशी दिसतात तशीच, अक्षरशः उतरवावीत आणि आजचे रूढ रूप शेजारच्या रकान्यात द्यावे. वाहिनीच्या बाबतीतही हेच करावे. ‘वादळवाट’ ही मालिका २००३ मध्ये अल्फा मराठीवर सुरू झाली, २००५ मध्ये त्या वाहिनीचे नाव झी मराठी झाले आणि मालिका २००७ पर्यंत चालली; तेव्हा तिच्या सुरुवातीच्या भागांपुढे ‘झी मराठी’ लिहिणे चूक ठरेल. २०२३ पूर्वीच्या कात्रणावर औरंगाबाद किंवा उस्मानाबाद असे छापलेले असेल तर आधाराच्या रकान्यात तेच नाव राहू द्यावे, म्हणजे पुढच्या माणसाला नेमकी तीच आवृत्ती शोधता येईल.

वर्तमानपत्रे चाळताना

दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमांचे वेळापत्रक वर्तमानपत्रांत रोज एका कोपऱ्यात छापले जाई. ‘लोकमत’ची औरंगाबाद आवृत्ती १९८२ मध्ये सुरू झाली, त्याआधीपासूनचे दैनिक ‘मराठवाडा’, नांदेडचे ‘प्रजावाणी’, लातूरचे ‘एकमत’ अशा पत्रांचे जुने अंक कुठे जपून ठेवले आहेत याची चौकशी छत्रपती संभाजीनगरचे शासकीय विभागीय ग्रंथालय, विद्यापीठांची ग्रंथालये आणि गावोगावची जुनी वाचनालये येथे करावी. ग्रंथपालांना आधी पत्र द्यावे, विषय आणि हवी असलेली वर्षे स्पष्ट लिहावीत. बांधीव अंकांची पाने ठिसूळ झालेली असतात. ती झेरॉक्ससाठी काचेवर दाबू नयेत, खिडकीच्या उजेडात मोबाइलने फोटो काढावा. पहिला फोटो पूर्ण पानाचा, तारीख दिसेल असा, आणि दुसरा त्या कोपऱ्याचा, असा क्रम ठेवला तर नंतर कात्रण कोणत्या दिवसाचे यावर वाद होत नाही.

मात्र वेळापत्रक म्हणजे पुरावा नव्हे. त्यावरून फक्त त्या दिवशी काय दाखवायचे ठरले होते एवढेच कळते. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी इंदिरा गांधी यांची हत्या झाल्यानंतर दुखवट्यामुळे दूरदर्शनचे नेहमीचे कार्यक्रम थांबले, आणि क्रिकेटचा सामना लांबला की मालिका पुढे ढकलली जाणे तर नेहमीचेच होते. म्हणून पुढच्या दोन-तीन दिवसांचे अंक आणि वाचकांची पत्रे अवश्य पाहावीत, कारण मालिका न लागल्याची तक्रार तिथेच सापडते. दूरदर्शनच्या मालिकेविषयी माहितीच्या अधिकाराखाली १० रुपयांच्या शुल्कासह प्रसार भारतीकडे अर्ज करता येतो आणि त्याला साधारणतः ३० दिवसांत उत्तर मिळणे अपेक्षित असते. “सर्व माहिती द्यावी” असे मोघम न लिहिता ठरावीक भागांच्या प्रक्षेपणाच्या तारखा मागाव्यात.

माळ्यावरच्या कॅसेट

कोणाच्या घरी मालिका ध्वनिचित्रमुद्रित केलेली व्हीएचएस कॅसेट मिळाली, तर ती लगेच व्हीसीआरमध्ये घालण्याची घाई करू नये. कॅसेटच्या पारदर्शक खिडकीतून टेपच्या कडेला पांढरे ठिपके दिसत असतील तर ती बुरशी असते, आणि अशी टेप चालवली तर यंत्रातला टेप वाचणारा भाग (हेड) खराब होऊन पुढच्या कॅसेटनाही इजा होते. ती वेगळी ठेवून जाणकाराकडे द्यावी. टेप स्वच्छ असली तर कॅसेटच्या पाठीवरचा छोटा प्लास्टिकचा तुकडा तोडावा, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरे काही मुद्रित होणार नाही. मग ती एकदा शेवटपर्यंत पुढे नेऊन पुन्हा मागे आणावी आणि त्यानंतरच संगणकावर उतरवावी. सेकंदाला ८ मेगाबिट या दराने उतरवल्यास एका तासाला सुमारे साडेतीन जीबी जागा लागते, हे हिशेबात धरावे.

उतरवताना जाहिराती कापू नयेत, असा आग्रहच धरावा लागतो, कारण उत्साही मंडळी सर्वांत आधी त्याच कापतात. तारीख नसलेल्या कॅसेटवर दिवाळीच्या सवलतीची, निवडणुकीची किंवा नव्या चित्रपटाची जाहिरात असेल तर तो भाग कोणत्या महिन्यातला हे बऱ्याचदा तिच्यावरूनच ठरते. मराठवाड्यातल्या मे महिन्याच्या उन्हात पत्र्याखालच्या खोलीत कॅसेट ठेवणे घातक असते. त्या थंड व कोरड्या कपाटात, उभ्या आणि लाऊडस्पीकरपासून दूर ठेवाव्यात.

आठवणी विचारताना

“तुम्हाला ही मालिका आवडायची का?” या प्रश्नाला “हो, फार” याहून अधिक उत्तर मिळत नाही. त्याऐवजी टीव्ही कोणाच्या घरी होता, तो कृष्णधवल होता की रंगीत, बसायला कोण कुठे असे, वीज गेली तर काय करत, राहिलेल्या भागाची गोष्ट दुसऱ्या दिवशी कोणाकडून कळे, असे जवळचे प्रश्न विचारावेत. समोरच्या व्यक्तीला आजी, मामी, दादा, सर असे ज्या नात्याने हाक मारतो तीच हाक मुलाखतीतही असू द्यावी, आणि ध्वनिमुद्रण करण्याआधी परवानगी मागावी.

सन कोणाला सहसा आठवत नाही, म्हणून सन विचारूही नये. मराठवाड्यात काळ मोजण्याच्या खुणा वेगळ्या आहेत. “किल्लारीच्या भूकंपाच्या आधी का नंतर?” असे विचारले तर लातूर-धाराशिवकडचा माणूस क्षणभरही न अडखळता उत्तर देतो, आणि आपल्याला ३० सप्टेंबर १९९३ ही पक्की रेषा मिळते. मराठवाडा विद्यापीठाच्या नावाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव जोडणारा नामविस्तार, म्हणजे १४ जानेवारी १९९४, ही छत्रपती संभाजीनगर आणि नांदेडकडे तशीच उपयोगी खूण आहे. “कापूस येचनी चालू होती तवा” असे उत्तर आले तर दिवाळीच्या आगेमागे ते जानेवारीपर्यंतचा काळ धरावा. घरात जुनी दिनदर्शिका टांगलेली किंवा जपलेली असेल तर तीही मागून पाहावी. दुधाच्या आणि गॅसच्या नोंदींशेजारी “टीव्ही आणला” असे लिहिलेले सापडू शकते.

उत्तर उतरवताना बोली सुधारू नये. माणूस “शिरियल” म्हणाला तर “शिरियल”च लिहावे. त्याने सांगितलेला प्रसंग प्रत्यक्ष भागात वेगळा निघाला, तरी दोष देण्याचे कारण नाही. मालिकेच्या वहीत भागानुसार नोंद करावी आणि पाहण्याच्या वहीत त्याची आठवण जशीच्या तशी ठेवावी.

स्थानिक कलावंतांना मात्र मालिकेच्या वहीसाठीही आवर्जून भेटावे. औरंगाबादच्या ‘जिगीषा’ नाट्यसंस्थेतून प्रशांत दळवी, चंद्रकांत कुलकर्णी यांच्यासारखे लेखक-दिग्दर्शक मुंबईला गेले आणि नावारूपाला आले. पण विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागातून किंवा हौशी रंगभूमीवरून जाऊन एखाद्याच भागात पोस्टमन किंवा शेजारी म्हणून दिसलेल्या कलाकाराचे नाव श्रेयनामावलीत असेलच असे नाही. अशी भूमिका नोंदवताना त्या व्यक्तीचे सांगणे ‘क’ श्रेणीत घ्यावे आणि भाग मिळाला की चेहरा ओळखून ‘अ’ करावे.

कायदा आणि जतन

१९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार मालिकेसारख्या चलचित्रकृतीवरील हक्क ६० वर्षे टिकतो, त्यामुळे उतरवलेले पूर्ण भाग जाहीरपणे ठेवणे टाळावे. खासगी अभ्यास, समीक्षा यांसाठी रास्त वापराची सवलत कायद्यात आहे. कथासार आपल्या शब्दांत लिहावे आणि चर्चेसाठी गरजेपुरतीच चित्रचौकट घ्यावी. मुलाखती प्रसिद्ध करायच्या असतील तर त्यासाठी वेगळी लेखी संमती घ्यावी.

सर्व सामग्रीच्या तीन प्रती कराव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत दुसऱ्या गावी राहावी. म्हणजे गट जालन्याचा असेल तर एक हार्ड डिस्क बीडच्या सदस्याकडे द्यावी. दरवर्षी एक दिवस ठरवून प्रत्येक डिस्क उघडून पाहावी. तक्त्याची छापील प्रत काढून तिच्यावर आवृत्तीची तारीख घालावी आणि ती जवळच्या वाचनालयात दाखल करावी. त्या प्रतीत रिकामे रकाने तसेच ठेवावेत आणि शेवटच्या पानावर दुरुस्ती कोणाकडे कळवायची ते लिहावे, कारण एखाद्या वाचकाच्या घरी नेमकी तीच कॅसेट असण्याची शक्यता असते.