अमेरिकेत भरलेल्या चेकचे पैसे कधी मिळतात? ‘बाहेरच्या राज्यातला चेक’ हे कारण आता विसरा

अमेरिकेतल्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक प्रश्न ठरलेला असतो. आधीच्या गावच्या घरमालकाने डिपॉझिटचा चेक पाठवलाय, त्याची बँक इलिनॉयमधली, मी आता टेक्सासात, पैसे कधी मिळतील? आणि उत्तरही ठरलेलं असतं: ‘आउट ऑफ स्टेट आहे ना, मग आठवडा धर.’ एके काळी या उत्तरात तथ्य होतं. २७ फेब्रुवारी २०१० पासून ते साफ चूक आहे. तरी लोक ते एकमेकांना देत राहतात, आणि पैसे खरोखर अडकतात तेव्हा चुकीच्या जागी कारण शोधत बसतात.

मी आमच्या मराठी मंडळाचा हिशेब सांभाळतो. गणपतीच्या आधी तीन-चार राज्यांतून वर्गणीचे आणि जाहिरातींचे चेक येतात, आणि त्याच आठवड्यात हॉलवाल्याला आगाऊ रक्कम द्यायची असते. त्यामुळे हा विषय मला पुस्तकातून नाही, तर काउंटरसमोर उभं राहून शिकावा लागला.

आधी तो भूगोल संपवू

१९८७ सालचा ‘एक्स्पिडायटेड फंड्स अव्हेलेबिलिटी अ‍ॅक्ट’ आणि त्याखालची फेडरल रिझर्व्हची (अमेरिकेची मध्यवर्ती बँक, बोलीत ‘फेड’) नियमावली, म्हणजे ‘रेग्युलेशन सीसी’, ही या सगळ्याची मुळं. चेकची छाननी करणारी फेडची केंद्रं देशभर होती आणि प्रत्येक केंद्राचा एक प्रदेश होता. तुमची बँक आणि चेक ज्या बँकेवर काढलाय ती बँक एकाच प्रदेशात असेल तर चेक ‘लोकल’, पैसे दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी. प्रदेश वेगळे असतील तर ‘नॉनलोकल’, आणि बँकेला पाचव्या दिवसापर्यंत थांबायची मुभा. कुठला चेक कुठल्या प्रदेशातला, हे राउटिंग नंबरच्या (चेकवर छापलेला बँकेचा ओळख क्रमांक) पहिल्या चार आकड्यांवरून कळायचं. भारतात चेक ट्रंकेशनसाठी (कागद न फिरवता प्रतिमेवरून चेक वटवण्यासाठी) मुंबई, चेन्नई आणि दिल्ली अशा ग्रिड होत्या आणि ग्रिडच्या आतला चेक स्थानिक धरला जायचा, तसलाच हा प्रकार. आणखी एक गोष्ट: या प्रदेशांच्या सीमा राज्यांच्या सीमांशी जुळत नसत. म्हणजे ‘आउट ऑफ स्टेट’ हे कारण तेव्हासुद्धा ढोबळच होतं.

तेव्हा कागद रात्रीच्या विमानांनी फिरायचा. सप्टेंबर २००१ मध्ये विमानं जमिनीवर राहिली आणि चेकचे गठ्ठे जागच्या जागी अडकले. त्या अनुभवाने ‘चेक २१’ कायद्याला जोर मिळाला. २८ ऑक्टोबर २००४ पासून तो लागू झाला आणि चेकच्या प्रतिमेवरून छापलेल्या ‘सबस्टिट्यूट चेक’ला मूळ कागदाइतकीच किंमत मिळाली. मग कागद फिरवायची गरजच ओसरली. २००३ साली फेडची अशी ४५ केंद्रं होती, २०१० च्या फेब्रुवारीअखेर एकटं क्लीव्हलँड उरलं. केंद्र एक, म्हणून प्रदेश एक, म्हणून देशातला प्रत्येक चेक लोकल. नियमांच्या भाषेत ‘नॉनलोकल’ नावाचा कप्पा आहे, पण त्यात टाकायला चेकच उरला नाही.

भूगोल शिल्लक आहे तो एवढाच: तुमचं खातं अलास्का, हवाई, पोर्तो रिको, ग्वाम अशा दूरच्या भागातल्या शाखेत असेल आणि चेक त्या भागाबाहेरच्या बँकेवरचा असेल, तर बँक एक दिवस जास्त घेऊ शकते.

पायरी १: दिवस नीट मोजा

सोमवार ते शुक्रवार, फेडरल सुट्ट्या वगळून. शनिवारी बँक उघडी असली तरी तो दिवस धरायचा नाही. बँकेने ठरवलेल्या वेळेनंतर भरलेला चेक पुढच्या कामकाजाच्या दिवशीचा समजला जातो. ही वेळ शाखेत दुपारी २ च्या आधीची आणि एटीएमवर दुपारी १२ च्या आधीची ठेवता येत नाही. लेबर डेच्या (सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारची सुट्टी) आधीच्या शुक्रवारी संध्याकाळी भरलेला चेक म्हणजे मंगळवारचा चेक.

पायरी २: साधा हिशेब

भरल्यानंतरच्या पहिल्या कामकाजाच्या दिवशी २७५ डॉलर (१ जुलै २०२५ पर्यंत ही रक्कम २२५ होती), उरलेले दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी. सरकारी ट्रेझरी चेक पूर्ण पहिल्याच कामकाजाच्या दिवशी सकाळी. कॅशियर्स चेकही (बँकेने स्वतःवरच काढलेला चेक) तसाच, पण स्वतःच्या नावावरचा असेल आणि टेलरच्या, म्हणजे काउंटरवरच्या कर्मचाऱ्याच्या, हातात दिला असेल तर. एटीएममध्ये सरकवलात तर ही सवलत गेली. दुसऱ्याच बँकेच्या एटीएममध्ये चेक टाकू नका, तिथे पाचवा दिवस लागू होतो. ‘आउट ऑफ स्टेट’वाले जे पाच दिवस सांगतात ते आज फक्त इथे सापडतात.

फोनवर फोटो काढून भरलेल्या चेकला हेच वेळापत्रक लागू आहे असं धरून चालू नका. बँकेच्या करारात मोबाईल डिपॉझिटचं कलम वेगळं असतं, ते वाचा. मोठी रक्कम असेल तर मी कधीच फोनवरून भरत नाही.

पायरी ३: होल्ड लागला तर

होल्ड म्हणजे बँकेने नेहमीच्या वेळेपेक्षा जास्त काळ पैसे अडवून ठेवणं. इथेच माणसं हरतात. मलाही हे उमगायला वेळ लागला, कारण मी चुकीचा प्रश्न विचारायचो. ‘पैसे का अडवलेत?’ असं विचारलं की टेलर म्हणतो, ‘सिस्टिमने होल्ड लावलाय.’ सिस्टिमशी वाद घालता येत नाही. म्हणून प्रश्न बदला: कुठल्या अपवादाखाली होल्ड आहे, आणि पैसे कुठल्या तारखेला मोकळे होणार? या दोन्ही गोष्टी लेखी सांगणं बँकेवर बंधनकारक आहे. चेक काउंटरवर भरलात आणि होल्ड तिथल्या तिथे ठरला, तर नोटीस हातात मिळायला हवी. निर्णय नंतर झाला तर ती पुढच्या कामकाजाच्या दिवसापर्यंत पाठवायला हवी. ती नोटीस मिळेपर्यंत काउंटर सोडू नका, किंवा अ‍ॅपमधल्या संदेशांत शोधून तिची प्रत ठेवा. बऱ्याच लोकांकडे ती आलेली असते, पण जाहिरात समजून कोणी उघडलेली नसते.

नियमाने मान्य केलेली कारणं मोजकी आहेत. खातं ३० दिवसांच्या आतलं आहे. एका दिवसात भरलेल्या चेकची बेरीज ६,७२५ डॉलरच्या वर गेली आहे. एकदा परत आलेला चेक पुन्हा भरलाय. गेल्या सहा महिन्यांत खातं वारंवार उणे गेलंय. चेक वटेल की नाही अशी वाजवी शंका आहे. किंवा काही आपत्ती, यंत्रणा बंद पडणं वगैरे. राज्य या यादीत कुठेच नाही. कोणी तोंडी ‘आउट ऑफ स्टेट’ म्हणालं तर शांतपणे नोटिशीवरचं कारण दाखवायला सांगा. तिथे वेगळंच काहीतरी लिहिलेलं असेल, आणि उपाय त्यावर अवलंबून आहे.

*मोठी रक्कम.* १०,००० डॉलरचा एक चेक भरलात असं समजा. पहिल्या दिवशी २७५, दुसऱ्या दिवशी ६,४५०, म्हणजे ६,७२५ पर्यंतचा भाग नेहमीच्या वेळेत मोकळा व्हायलाच हवा. उरलेले ३,२७५ मात्र सातव्या कामकाजाच्या दिवसापर्यंत अडवता येतात. बँकेने पूर्ण दहा हजार अडवले आणि कारण फक्त ‘मोठी रक्कम’ दिलं, तर ते चूक आहे, आणि हे तुम्ही बोलून दाखवलंत तर बहुतेक वेळा तिथल्या तिथे दुरुस्त होतं. ही मर्यादा एका दिवसाच्या बेरजेवर आहे हे लक्षात ठेवा. मंडळाचे चेक मी म्हणूनच एकगठ्ठा भरत नाही, दोन दिवसांत वाटून भरतो. (रोख रकमेच्या बाबतीत मात्र ही हुशारी अजिबात करू नका. १०,००० डॉलरच्या वरच्या रोखीची नोंद टाळण्यासाठी तुकडे करणं हा गुन्हा आहे.)

*वाजवी शंका.* सगळ्यात जास्त वापरलं जाणारं आणि सगळ्यात धूसर कारण. नियम सांगतो की चेक अमुक प्रकारचा आहे किंवा भरणारा अमुक गटातला आहे एवढ्यावर शंका घेता येत नाही. या विशिष्ट चेकबद्दल काहीतरी ठोस असलं पाहिजे. चेक बराच जुना आहे, अक्षरी आणि अंकी रक्कम जुळत नाही, देणाऱ्या बँकेकडून स्टॉप पेमेंटची माहिती आली आहे, असं काहीतरी. ते ठोस कारण नोटिशीत लिहिलंय का ते बघा. तसंच, होल्डची नोटीस चेक भरतानाच दिली नव्हती आणि या होल्डमुळे तुम्हाला ओव्हरड्राफ्टचा दंड बसला, पण शेवटी चेक वटला, तर तो दंड मागून परत मिळवता येतो. कोणी आपणहून देत नाही. मागा.

या कारणावर सगळ्यात उपयोगी पडतो तो उपाय: चेक देणाऱ्यालाच फोन करा. त्याच्या ऑनलाइन खात्यात रक्कम वजा झाल्याचं आणि वटलेल्या चेकचं चित्र, पुढची-मागची बाजू, दिसतं. त्याच्याकडून ते मागवा, खाते क्रमांक झाकायला सांगा, आणि शाखेत जाऊन मॅनेजरला दाखवा. होल्ड उठवायचं बंधन त्यांच्यावर नाही, पण अधिकार असतो. कस्टमर केअरच्या फोनवर तासभर घालवू नका; तिथल्या माणसाला सहसा हा अधिकार नसतो.

*नवं खातं.* ऑगस्टमध्ये आलेल्या विद्यार्थ्यांनो, हे तुमच्यासाठी. पहिल्या ३० दिवसांत साध्या चेकला दोन दिवसांचं बंधनच लागू नाही, त्यामुळे भांडून उपयोग नाही. स्टायपेंड थेट खात्यात जमा करून घ्या, ते पैसे पुढच्याच कामकाजाच्या दिवशी मिळतात. कॅशियर्स चेक टेलरकडे भरलात तर ६,७२५ डॉलरपर्यंत नव्या खात्यालाही पुढच्याच कामकाजाच्या दिवशी.

पायरी ४: शिल्लक दिसली म्हणून खर्च करू नका

वरचं सगळं वेळापत्रक बँकेने पैसे वापरायला कधी द्यायचे याचं आहे. चेक वटल्याची ती ग्वाही नाही. खात्यात पैसे मोकळे झाल्यानंतरही चेक परत येऊ शकतो, आणि मग रक्कम तुमच्याच खात्यातून वजा होते.

फसवणूक करणारे नेमके याच फटीतून शिरतात. खोटा कॅशियर्स चेक येतो, ठरलेल्या रकमेपेक्षा जास्तीचा. ‘चुकून जादा पाठवले, फरक झेलने (Zelle, फोनवरून लगेच पैसे पाठवायची सेवा) परत करा.’ दुसऱ्या दिवशी खात्यात पैसे दिसतात, तुम्ही फरक पाठवता, काही दिवसांनी चेक खोटा ठरतो. झेलने गेलेले पैसे परत येत नाहीत. जुनं फर्निचर किंवा गाडी विकणाऱ्यांना आणि भाड्याने खोली देणाऱ्यांना असे चेक सतत येतात. कॅशियर्स चेक असेल तर ज्या बँकेने तो काढलाय तिचा फोन नंबर स्वतः शोधा, चेकवर छापलेला वापरू नका, आणि चेक खरा आहे का ते विचारा. जादा रकमेचा चेक तर भरूच नका.

तरीही बँक ऐकत नसेल तर

नॅशनल बँक असेल तर ओसीसीकडे (अशा बँकांवर देखरेख करणारं सरकारी खातं), क्रेडिट युनियन (सभासदांची सहकारी पतसंस्था) असेल तर एनसीयूए या तिच्या नियामकाकडे तक्रार ऑनलाइन करता येते. मोठ्या बँकांसाठी सीएफपीबी हे ग्राहकांच्या आर्थिक तक्रारींचं सरकारी खातंही आहे. सोबत होल्डची नोटीस, भरल्याची पावती आणि चेकचं चित्र जोडा, आणि पैसे कुठल्या दिवशी मोकळे व्हायला हवे होते ते एका ओळीत लिहा. लांबलचक कैफियत नको.

राहता राहिला घरच्यांनी भारतातल्या बँकेवर काढलेला रुपयांतला चेक. त्याला यातलं काहीच लागू नाही, कारण रेग्युलेशन सीसी फक्त डॉलरमधल्या, अमेरिकेतल्या बँक शाखांवर काढलेल्या चेकपुरतं आहे. असा चेक घेणारी बँक सापडलीच तर तो वसुलीसाठी पाठवला जातो, आठवडे जातात आणि शुल्क कापलं जातं. काका-मामांना सांगा, बँकेतून थेट पैसे पाठवा.