फॉरेन्सिक सायकियाट्री शिकायचीय? सुरुवात एमडीतच करा

"मॅडम, फॉरेन्सिकला जायचं तर बेंगळुरूलाच जावं लागेल का?" एमडीसाठी बाहेरगावी गेलेली सोलापूरची मुलं गड्ड्याच्या यात्रेला घरी आली की मला हे विचारतात. फॉरेन्सिक सायकियाट्री म्हणजे आरोपीची मानसिक स्थिती तपासून कोर्टाला मत देण्याचं काम. वाट साधी आहे: एमबीबीएस, नीट-पीजी, तीन वर्षांची एमडी सायकियाट्री आणि मग निम्हान्स या बेंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेतली वर्षभराची पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप. उद्यान एक्सप्रेस सोलापुरावरूनच जाते. पण त्या गाडीत बसण्याआधीची तीन वर्षं जास्त महत्त्वाची, असं माझं ठाम मत आहे.

माझी पहिली साक्ष खुनाच्या खटल्यात होती. मी रिपोर्टात लिहिलं होतं, 'यास स्किझोफ्रेनिया आहे.' न्यायाधीशांनी शांतपणे विचारलं, "डॉक्टर, हे आजचं झालं. त्या रात्री त्याला काय कळत होतं?" मी त्याला घटनेनंतर सात महिन्यांनी तपासलं होतं आणि त्या रात्रीबद्दल एकही प्रश्न विचारला नव्हता. त्या मुलाच्या आईचा चेहरा मला अजून आठवतो.

म्हणून पहिली सवय ही लावून घ्या की दोन प्रश्न कधी एकत्र कालवायचे नाहीत. आरोपी आज खटला समजून घेऊ शकतो का, वकिलाला आपली बाजू सांगू शकतो का, हा एक प्रश्न. तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६७ आणि ३६८ मधला. कृत्य करताना आपण काय करतोय, किंवा ते चुकीचं वा बेकायदा आहे, हे कळण्यास तो मनोविकारामुळे असमर्थ होता का, हा दुसरा. तो भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मधला. १ जुलै २०२४ पूर्वीच्या गुन्ह्यांना जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ८४च लागू, त्यामुळे दोन्ही आकडे लक्षात हवेत.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कसं शोधायचं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली दह्याभाई ठक्कर खटल्यात दाखवून दिलंय: घटनेच्या आधी काय घडलं, घटनेच्या वेळी काय आणि नंतर काय. निकाल स्वतः वाचा, गाईडमधून नको. मग कागद मागा. एफआयआर, पंचनामा, साक्षीदारांचे जबाब, अटकेनंतरची वैद्यकीय तपासणी, जुने केसपेपर, अगदी मेडिकलची बिलंसुद्धा. गोळ्या कधी बंद झाल्या? हत्यार लपवलं का? तो पळाला की तिथेच बसून राहिला? यातली एकच गोष्ट धरून मत बनवू नका. आजारी माणूसही घाबरून पळतो. एका भेटीवर तर मत देऊच नका. वॉर्डात दाखल करून घ्या आणि सिस्टरच्या रात्रपाळीच्या नोंदी रोज वाचा. आव आणणारा माणूस डॉक्टरांसमोर आव आणतो, पहाटे तीन वाजता सहसा नाही.

बोलायला बसलात की आधी सांगा: "मी इथे तुमच्यावर उपचार करायला आलेले नाही. तुम्ही सांगाल ते कोर्टात जाऊ शकतं." हे वाक्य जड जातं, कारण आपण आयुष्यभर उलट शपथ पाळतो. पण ते न सांगता काढून घेतलेली कबुली म्हणजे विश्वासघात. शक्य असेल तर उपचार करणारा आणि मत देणारा डॉक्टर वेगळे ठेवा.

सोलापुरात आणखी एक अडचण येते, ती भाषेची. पूर्व भागातला यंत्रमाग कामगार तेलुगूत भ्रम सांगतो, अक्कलकोटकडचा शेतकरी कन्नडमध्ये. जबाब मराठीत लिहिलेला असतो आणि आपण रिपोर्ट इंग्रजीत लिहितो. दुभाषी म्हणून भावाला किंवा मेव्हण्याला बसवू नका. तो लाजेपोटी किंवा मायेपोटी शब्द बदलतो. पेशंटचे मूळ शब्द देवनागरीत जसेच्या तसे लिहा, खाली अर्थ द्या.

रेसिडेन्सीत असताना युनिटच्या सरांना विचारून येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात काही दिवस काम बघता येईल का ते पाहा. जिल्हा न्यायालयात मागच्या बाकावर बसून सरतपासणी, उलटतपासणी ऐका. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ चं कलम १०३ कैद्यांबद्दल आहे, ते नीट वाचा. कोर्टात माहीत नसेल ते "सांगता येत नाही" असं स्पष्ट म्हणायला इथूनच शिका.

आणि प्रत्येक रिपोर्टची प्रत, हाताने लिहिलेल्या नोंदींसकट, कुलुपात ठेवा. समन्स तीन-चार वर्षांनी येतं, तेव्हा पेशंटचा चेहराही आठवत नसतो.