स्वतंत्र गेमचे डेमो: खेळावे कसे, परीक्षण लिहावे कसे

स्टीम या संगणकावरील गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानावर साधारणपणे फेब्रुवारी, जून आणि ऑक्टोबरमध्ये आठवडाभर चालणाऱ्या ‘नेक्स्ट फेस्ट’मध्ये स्वतंत्र निर्मात्यांच्या शेकडो आगामी गेमचे डेमो, म्हणजे गेमचे छोटे नमुना भाग, विनामूल्य खेळता येतात, म्हणून सगळेच पाहण्याच्या मोहात न पडता मोजके निवडावेत आणि ते शेवटपर्यंत खेळावेत.

पहिल्या खेपेस टिपणे न काढता केवळ खेळावे. दुसऱ्या खेपेस मात्र नियंत्रणे कशी शिकवली आहेत, हरल्यानंतर पुन्हा खेळात यायला किती वेळ लागतो, कंट्रोलर आणि कीबोर्ड या दोन्हींवर हाताळणी सहज होते का, लॅपटॉपच्या पडद्यावर अक्षरे नीट वाचता येतात का, हे बारकाईने पाहावे. आपल्या संगणकाचा प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड आणि रॅम यांची नोंद परीक्षणात अवश्य द्यावी, कारण त्याविना ‘गेम अडखळतो’ ही तक्रार निर्मात्याच्या फारशी उपयोगी पडत नाही.

डेमोवरून संपूर्ण गेमचा निवाडा करू नये. तात्पुरती चित्रे किंवा अपुरे आवाज क्षम्य असतात. मूळ खेळच कंटाळवाणा असेल, तर ते माझ्या मते क्षम्य नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सच्या ‘राजी’सारख्या (२०२०) गेमबद्दल लिहितानाही आपलेपणापोटी निकष सैल करू नयेत.

पूर्ण गेम विकत घेतल्यास स्टीमवर १४ दिवसांच्या आत आणि २ तासांहून कमी खेळला असल्यास परतावा मागता येतो. प्रत निर्मात्याकडून विनामूल्य मिळाली असेल, तर तसे परीक्षणाच्या आरंभीच नमूद करावे.