मोठं माप, आपली स्टाइल: प्लस साइज कपडे कसे निवडावे, शिवावे आणि मिरवावे

कपाट उघडा आणि ‘बारीक झाले की घालीन’ म्हणून राखून ठेवलेले सगळे कपडे बाहेर काढा. पहिलं काम हेच. त्यातलं जे उसवून मोठं करता येईल ते टेलरकडे द्या, उरलेलं ज्याच्या अंगाला येईल त्याला देऊन टाका. त्या जागेवर आजच्या अंगाला बसणारे कपडे यायला हवेत.

गोव्यात, फोंड्याला, मी बायकांचे कपडे शिवते. टेप गळ्यातून काढायच्या आतच कुणीतरी म्हणतं, “थोडं वजन उतरू दे, मग चांगलासा ड्रेस शिवते.” तोवर काय, तर ढगळ, काळे-करडे कुर्ते, सणाला त्यातल्या त्यात बरा. मला हे अजिबात पटत नाही. वजन उतरायचं तेव्हा उतरेल किंवा नाही उतरणार, पण यंदाची चवथ (गणेशचतुर्थी), भावाचं लग्न, नोकरीतला पहिला दिवस थांबत नाही. आणि चांगल्या टेलरने शिवणीत माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, ठेवलेली असते. अंग बदललं तर कपडा आत घेता येतो, बाहेर सोडता येतो.

माझं एकच म्हणणं आहे. जो कपडा दिवसभर ओढावा, सावरावा, झाकावा लागत नाही, तो अंगावर असला की माणूस मोकळा वागतो. आत्मविश्वास वाढवा म्हणून कितीही सांगा, काखेत रुतणारा ब्लाउज तो वाढू देत नाही. म्हणून सुरुवात फिटिंगपासून करायची, स्टाइल त्याच्या मागोमाग येते.

माप नीट घ्या, बसूनही घ्या

घरी एक साधी टेप ठेवा. छातीचं माप सर्वांत भरलेल्या भागावरून, मग छातीच्या खाली, पोट, नितंब आणि दंड. पोट आत ओढून घेतलेलं माप फुकट जातं, श्वास सोडून उभ्या राहा. दंडाचं माप हात कोपरात वाकवून घ्या, कारण बाही आवळते ती हात वाकवल्यावर. आणि खुर्चीवर बसून पोट-नितंबांचं माप पुन्हा घ्या. बसल्यावर अंग पसरतं. भरलेल्या अंगात हा फरक चांगला दोन-तीन इंचांचा असू शकतो. ऑफिसात, कदंबच्या सरकारी बसमध्ये, स्कूटरवर आपण बसलेल्याच असतो, तेव्हा पॅंट आणि कुर्ता बसल्या मापालाच बेतायला हवा.

रेडीमेडवरच्या एक्सएल, डबल एक्सएलवर जाऊ नका. एका कंपनीचा डबल एक्सएल दुसरीच्या एक्सएलपेक्षा लहान निघतो. भारतीय अंगयष्टीचं स्वतःचं मापकोष्टक आपल्याकडे नव्हतंच, म्हणून तर निफ्ट या राष्ट्रीय फॅशन संस्थेने ‘इंडियासाइझ’ प्रकल्पात देशातल्या सहा शहरांतल्या 25,000 लोकांची थ्रीडी स्कॅनरने मापं घ्यायचं काम हाती घेतलं. तेव्हा कपडा अंगात शिरला नाही तर दोष लेबलाचा, तुमच्या अंगाचा नाही.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा हणजुणच्या बुधवारच्या बाजारात ‘फ्री साइज’ म्हणून कफ्तान आणि टॉप टांगलेले असतात. तिथे घालून बघायला आडोसा मिळेलच असं नाही. पर्समध्ये टेप ठेवा. टॉप सपाट पसरून एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजा आणि दुप्पट करा. हा आकडा तुमच्या छातीच्या मापापेक्षा तीन-चार इंचांनी जास्त हवा. मुंढाही, म्हणजे बाही जोडतात ती काखेची गोलाई, बघा, फ्री साइजचा घेर पुरतो पण मुंढा घात करतो.

गोव्याची हवा आणि कापड

दमट हवेत सिंथेटिक कापड अंगाला चिकटतं आणि नको तिथे चिकटतं. मऊ सुती, मलमल, लिनन, रेयॉन ही आपली कापडं. लिनन चुरगळतं, त्याचं वाईट वाटून घेऊ नका, ते तसंच दिसतं आणि छान दिसतं. फार पातळ कापड असेल तर अंगभर अस्तर लावण्यापेक्षा आत सुती स्लिप घाला, उकडत नाही.

जून ते सप्टेंबरचं गणित वेगळं. जाड सुती कुर्ता पावसात दोन-दोन दिवस वाळत नाही आणि मग वास मारतो. त्या महिन्यांसाठी पातळ सुती किंवा रेयॉनचे कुर्ते वेगळे ठेवा, लांबी घोट्याच्या बरीच वर. रेशमी साड्या पावसाळ्यात बंद पिशवीत ठेवू नका, बुरशी धरतात. सुती कपड्यात गुंडाळून ठेवा आणि ऊन पडलं की सावलीत वारा द्या.

एक गोष्ट कधीच विसरू नका: सुती आणि लिनन कापड शिवायला टाकण्याआधी पाण्यातून काढून वाळवा. पहिल्या धुण्यात ते आटतं, आणि मापात जेमतेम बसलेला कुर्ता मग छातीवर ताणतो.

टेलरशी कसं बोलायचं

आपल्याकडे अजून गल्लोगल्ली टेलर आहेत, हे मोठ्या मापाच्या माणसाचं भाग्यच म्हणायचं. पण “जरा सैल ठेवा” एवढंच सांगून निघालात तर पोतं मिळेल. सैल आणि बसणारा यांत फरक आहे. खांदा आणि छातीवर कपडा नीट बसला पाहिजे, सैलपणा पोटापासून खाली हवा. खांद्याची शिवण दंडावर उतरली की सगळं अंग ओघळल्यासारखं दिसतं.

ब्लाउजसाठी नुसत्या टक्सवर, म्हणजे छातीखाली घातलेल्या चुण्यांवर, भागवू नका. भरलेल्या छातीला प्रिन्सेस कट किंवा कटोरी चांगली बसते, कारण कापड छातीच्या गोलाईप्रमाणे कापलेलं असतं. काखेत कापड रुतत असेल तर चौबगला घालायला सांगा. काखेतल्या त्या लहानशा तुकड्याने हात वर गेला तरी ब्लाउज वर सरकत नाही. साडीबरोबर येणारा ब्लाउजपीस साधारण ऐंशी सेंटीमीटर असतो. बेचाळीस इंचांच्या वर छाती आणि कोपरापर्यंत बाही हवी असेल तर तो पुरत नाही. बाहीला दुसरं, रंगाला साजेसं कापड जोडा. हीच पुढे तुमची ओळख होते: लाल ब्लाउजला इकतची बाही, हिरव्याला खणाची.

शर्टाचं दुखणं ठरलेलं, छातीवर दोन बटणांमधली फट. त्या दोन बटणांच्या मध्ये आतून एक टिचबटण लावून घ्या. पाच मिनिटांचं काम, आणि पिन टोचून घेण्यापासून कायमची सुटका.

कुर्त्याचा बाजूचा कट कुठून सुरू होतो तेही सांगा. नितंबाच्या सर्वांत रुंद भागाच्या वरून सुरू झाला तर बसताना कुर्ता ताणत नाही. त्यापेक्षा मला कळीदार कुर्ता आवडतो. कळ्यांमुळे घेर आपोआप मिळतो, आणि चालताना तो हलतो ते बघायला सुंदर दिसतं.

ट्रायलला गेलात की आरशासमोर नुसत्या उभ्या राहू नका. गणपतीच्या वर टांगायची फळापानांची माटोळी बांधताना जातात तसे दोन्ही हात वर करा. खाली बसा, उठा. चवथीला फुगडी घालणार असाल तर तिथेच दोन पावलं टाका, लाज कसली. जिथे कापड ओढलं जाईल तिथे टेलरला लगेच खडूने खूण करायला सांगा. घरी नेल्यावर सांगितलं तर “पुढच्या खेपेला बघू” होतं.

आतले कपडे

यावर बायका सर्वांत कमी खर्च करतात आणि सगळं बाहेरचं फिटिंग यावर अवलंबून असतं. ब्राचा आधार खांद्याच्या पट्ट्यांनी नाही, छातीखालच्या पट्ट्याने द्यायचा असतो. तो पाठीवर वर चढत असेल तर माप चुकलं आहे. फ्रॉक किंवा साडीखाली गुडघ्याच्या वर येणारी सुती शॉर्ट्स घाला, मांड्या घासून सोलवटत नाहीत.

परकराची नाडी करकचून बांधायची सवय मात्र सोडा. एकाच जागी वर्षानुवर्षं नाडी रुतून कातडीला जखम होते. ती चिघळत राहून क्वचित कर्करोगही झाल्याची उदाहरणं वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी 2024 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात मांडली आहेत. नाडीऐवजी रुंद पट्टा लावून घ्या किंवा अंगाबरोबर ताणणारा विणलेला परकर वापरा. कमरेवर तिथे काळा डाग किंवा न भरणारी जखम असेल तर डॉक्टरांना दाखवा.

आता स्टाइल

काळा घाल, उभे पट्टे घाल, मोठी फुलं नको, चौकडा तर नकोच. असे नियम आपण लहानपणापासून ऐकतो. सगळ्यांचं म्हणणं एकच, बारीक दिस. तुम्हाला बारीक दिसायचं नसेल, छान दिसायचं असेल, तर यातला एकही नियम लागू नाही. शिवाय पट्ट्यांचा नियम तर खराही नाही. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच दाखवलं होतं की आडव्या रेघांनी भरलेला चौकोन डोळ्याला उंच दिसतो. इंग्लंडच्या यॉर्क विद्यापीठात नंतर माणसांच्या चित्रांवर हेच तपासलं गेलं, आणि आडव्या पट्ट्यांनी माणूस जाड दिसतो हा समज टिकला नाही.

चौकड्याचं तर आपल्या घरातच उदाहरण आहे. कुणबी साडी बघा. लाल सुती, चौकड्यांची, खांद्यावर गाठ मारून नेसलेली, शेतात कष्ट करणाऱ्या बायकांची साडी. सगळ्या अंगाच्या बायका ती नेसत आल्या. कोलवाळचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी ती विस्मरणातून काढून फॅशनच्या मंचावर नेली. 2014 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, 2020 मध्ये ते गेले. प्लस साइज मॉडेल्ससाठीही त्यांनी कपडे केले. लॅक्मे फॅशन वीकमध्ये 2016 साली मोठ्या मापाच्या मॉडेल्सचा वेगळा शो झाला, तेव्हा ही वाट आता मुंबईच्या रॅम्पवरही आहे.

तुमची स्टाइल शोधायला एक करून बघा. गेल्या वर्षभरातले आपले फोटो काढा आणि ज्यांत तुम्ही स्वतःला आवडता ते वेगळे ठेवा. त्यांत काय सारखं आहे? बहुतेकदा एखादा रंग, गळ्याचा आकार किंवा बाहीची लांबी पुन्हा पुन्हा दिसते. तीच तुमची खूण. ती धरून पुढचे कपडे शिवा. मग एकेका कपड्यात एकच ठसठशीत गोष्ट ठेवा: मोठे झुमके, गडद पिवळा रंग किंवा कमरेवरचा रुंद पट्टा. हो, पोट असलं तरी पट्टा, फक्त तो छातीच्या लगेच खाली बांधून बघा. दंड जाड म्हणून बिनबाह्यांचं वर्ज्य करू नका. मुंढा नीट कापलेला असेल तर मेच्या उन्हात त्यासारखं सुख नाही.

पुरुषांना थोडक्यात. पोटावर ताणलेला टी-शर्ट सोडा, सरळ कापाचा अर्ध्या बाह्यांचा लिननचा शर्ट शिवून घ्या, लांबी पॅंटच्या खिशाच्या मध्यापर्यंत. पॅंट पोटाच्या खाली घसरवून घालण्यापेक्षा पुढून थोडी उंच कापून घ्या. फुलाफुलांचा शर्टही घाला, तो फक्त पाहुण्यांनी किनाऱ्यावर घालायचा असं कुठे लिहिलेलं नाही.

आणि लोक

जत्रेला, लग्नाला कुणी मावशी किंवा काकी म्हणणारच, “किती गो जाडी झालीस!” त्यावर वाद घालू नका, हसून विषयही टाळू नका. सरळ बोला: “होय मावशी, म्हणून मापाचा नवा ब्लाउज शिवला. कटोरीचा आहे, कसा बसलाय बघ ना.” बहुतेक मावश्या मग ब्लाउजच बघतात आणि टेलरचं नाव विचारतात. जी थांबणारच नाही तिला “वजनाचं बोलणं मला आवडत नाही” एवढं शांतपणे सांगायला हरकत नाही. मुलींसमोर तर नक्की सांगा. त्या ऐकत असतात, आणि पुढे टेलरकडे जाताना तेच शब्द घेऊन जातात.

यंदा चवथीसाठी शिवायचं असेल तर कापड आषाढात घ्या, पाण्यातून काढा आणि श्रावण लागायच्या आत टेलरकडे द्या. श्रावण अर्धा सरला की आम्ही नवीन ऑर्डर घेत नाही, आणि मोठ्या मापाच्या ब्लाउजला दोन ट्रायल लागतात.