किट कारला विंग आणि स्प्लिटर लावताय? या चुका टाळा

किट कार, म्हणजे सुटे भाग घेऊन स्वतः जोडलेली गाडी, बांधून झाली, रस्त्याचे कागद मिळाले, एखाददुसरा ट्रॅक डे (रेस ट्रॅकवर आपली गाडी पळवायचा दिवस) झाला की पुढची खरेदी ठरलेलीच: मागची मोठी विंग, म्हणजे वाऱ्याच्या जोरावर गाडी जमिनीकडे दाबणारं आडवं पातं. फोटोत तीच उठून दिसते. आणि ‘गाडी आधी बरी होती, आता वळतच नाही’ या तक्रारीची सुरुवातही बहुतेक वेळा तिथूनच होते.

उदाहरणाला लोटस सेव्हनच्या घराण्यातली गाडी घेऊ, म्हणजे ब्रिटनमधल्या केटरहॅम, वेस्टफिल्ड वगैरे. लोटसच्या कॉलिन चॅपमनने सेव्हन १९५७ मध्ये आणली. सुट्या भागांत घेतली तर खरेदी कर वाचायचा, म्हणून लोक ती घरच्या गॅरेजात जोडायचे. १९७३ मध्ये हक्क केटरहॅमकडे गेले, पण आकार फारसा बदलला नाही. चाकं उघडी, काच उभी, सस्पेन्शनचे दांडे थेट वाऱ्यात. ड्रॅगचा, म्हणजे हवेच्या विरोधाचा, गुणांक ०.६ ते ०.७ च्या घरात, म्हणजे आजच्या साध्या हॅचबॅकच्या दुप्पट. वजन मात्र जेमतेम पाच-सहाशे किलो. एवढ्या हलक्या गाडीत दहा-पंधरा किलोचा फरकसुद्धा स्टीअरिंगवर कळतो, आणि म्हणूनच तिच्यावर काहीही लावताना आधी कागद-पेन्सिल घ्यावी.

मागे विंग, पुढे काहीच नाही

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. हिशेब करून बघा. विंग दीड मीटर रुंद आणि २५ सेंटिमीटर खोल असेल, तर ताशी १६० किलोमीटरला तिच्याकडून साधारण ५० किलोचा दाब मिळेल. पण ती बसते मागच्या आसाच्याही मागे. समजा अर्धा मीटर मागे. सेव्हनचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या आसांमधलं अंतर) सव्वादोन मीटरच्या आसपास. म्हणजे मागच्या चाकांवर ५० नव्हे, ६१ किलो येतात आणि वरचे ११ किलो पुढच्या चाकांवरून काढून घेतलेले असतात. बैलगाडीत मागच्या बाजूला पोती जास्त लादली की गाडी उलाळ होते, तोच प्रकार. त्यात विंगचा स्वतःचा ड्रॅग जमिनीपासून मीटरभर उंचीवर गाडीला मागे खेचतो, त्यानेही नाक आणखी थोडं उचललं जातं. आणि सेव्हनचं नाक आणि पुढचे मडगार्ड वेग वाढला की मुळातच वर उचलायला बघतात.

म्हणून क्रम उलटा ठेवा. आधी पुढचं काम: स्प्लिटर (नाकाखाली पुढे आलेली आडवी फळी), नाकाखालची मोकळी जागा बंद करणं, बॉनेटमधून हवा बाहेर काढणं. त्यातून पुढे जेवढा दाब मिळेल तेवढाच मागच्या विंगच्या कोनाने जुळवायचा. हवेच्या दाबाची पुढे-मागे वाटणी गाडीच्या उभ्या वजनाच्या वाटणीइतकी, किंवा किंचित मागे झुकलेली असावी. पुढे काही लावायची तयारी नसेल तर विंगचे पैसे चांगल्या टायरवर घाला. हे मी अगदी गंभीरपणे सांगतोय.

रोग एक, औषध दुसरंच

दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, आणि कमीही तसाच होतो. १६० ला ५० किलो देणारी विंग ताशी ५० ला पाच किलोच देते. इंग्लंडमधल्या डॉनिंग्टनच्या ट्रॅकवर हे छान दिसतं. क्रेनर कर्व्हजच्या वेगवान उतारावर गाडीचं नाक बाहेर सरकत असेल आणि मेलबर्न हेअरपिनच्या संथ, घट्ट वळणाला ती नीट वळत असेल, तर दोष हवेच्या संतुलनाचा आहे. दोन्हीकडे सरकत असेल तर विंगला हात लावू नका. टायरमधली हवा, टो आणि कँबर (चाकांचे कोन), अँटी-रोल बार (गाडीचं कलणं रोखणारा दांडा) तपासा. फक्त हेअरपिनलाच त्रास असेल तर हवेचा संबंधच नाही. बाहेर पडताना मागची बाजू सुटत असेल तर आधी उजव्या पायाकडे बघा.

इथे पुण्या-मुंबईतले फॉर्म्युला स्टुडंटवाले (विद्यार्थ्यांनी छोटी रेस कार बनवायची स्पर्धा) वाद घालतील, की आमची विंग पन्नास-साठच्या वेगातही काम करते. करते, कारण त्या गाडीचं वजन सेव्हनच्या निम्म्याहून कमी असतं आणि विंगा दोन-तीन पात्यांच्या, गाडीच्या मानाने अवाढव्य असतात. तो हिशेब रस्त्यावरच्या गाडीला जसाच्या तसा लावू नये.

विंग कशावर उभी आहे?

४ मे १९६९, बार्सिलोनाचं मोंटजुईक. फॉर्म्युला वनच्या स्पॅनिश ग्रां प्रीमध्ये ग्रॅहम हिल आणि योखेन रिंट यांच्या लोटसच्या दोन्ही गाड्या उंच विंगा मोडून एकाच ठिकाणाजवळ आदळल्या. पुढच्याच शर्यतीत, मोनॅकोत, उंच विंगांवर बंदी आली. सेव्हन बनवणाऱ्या चॅपमनच्याच या गाड्या, आणि तिथे इंजिनिअरांची कमी नव्हती.

घरच्या गॅरेजात चूक याहून साधी असते. विंगचे पाय मागच्या फायबरवर किंवा ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर बोल्टने आवळतात, आतून एक वॉशर टाकतात आणि हाताने हलवून ‘घट्ट आहे’ म्हणतात. ५० किलो हा स्थिर दाब झाला. खड्डा, कर्ब, पुढच्या गाडीमागची फाटकी हवा यांनी तोच भार सेकंदाला कित्येक वेळा कमी-जास्त होतो. पत्रा भाराने एकदम तुटत नाही, थकून तुटतो.

सेव्हनमध्ये पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर पत्रा रिव्हेट केलेला असतो, आणि तोच आधी चुगली करतो. ट्रॅक डेनंतर गाडी धुण्याआधी विंगच्या पायाजवळचे रिव्हेट बघा. एखाद्याभोवती काळसर, बारीक पावडरीचं कडं दिसलं, वाऱ्याच्या दिशेला किंचित ओघळलेलं, तर ती धूळ नाही. रिव्हेट सैल होऊन पत्रा पत्र्यावर घासतोय, त्याचा तो भुगा आहे. बोटाने पुसून घ्या, पुढच्या सेशननंतर परत बघा. परत आलं तर विंग त्या दिवशी उतरवायची. तसंच ब्रॅकेटच्या भोकाच्या काठावरून निघालेली केसासारखी चीर भिंगाशिवाय सहसा दिसत नाही. उजेड तिरपा टाकून शोधावी लागते.

पाय थेट चासीच्या, म्हणजे सांगाड्याच्या, नळीपर्यंत न्या, शक्यतो जिथे दोन-तीन नळ्या जुळतात तिथे. पुढे-मागे तिरका आधार द्या. लॉक नट वापरा आणि बोल्टवर रंगाची रेघ मारून ठेवा, म्हणजे फिरला तर लगेच कळेल.

स्प्लिटर: लवचिक, खूप खाली, किंवा दोन्ही

स्प्लिटरच्या खालून हवा वेगाने जाते आणि तिथला हवेचा दाब कमी होतो, नाक खाली खेचलं जातं ते त्यामुळे. पण तो वाकला तर वेगात टोक खाली झुकतं, फट बुजते आणि नाक खाली खेचणारा जोर एकदम गायब होतो. मऊ स्प्रिंगच्या गाडीत हेच ब्रेक लावताना होतं: नाक बसतं, आणि नेमकं वळणात शिरताना पुढची पकड सुटते. चालक म्हणतो ब्रेक बिघडले. स्प्लिटर बसवला की त्यावर उभं राहून बघा. लवला तर दांड्यांचा आधार वाढवा. दांडे चासीला, नोजकोनला (नाकाच्या कवचाला) नव्हे. बर्च प्लायवुडचा स्प्लिटर चालतो. कार्बन फायबरची हौस नंतर भागवा, कारण पहिला स्प्लिटर तुटणारच आहे.

तुटतो तो बहुतेकदा ट्रॅकवर जाताना. ब्रिटनमध्ये रस्त्यावरचा स्पीड हंप नियमाने १०० मिलिमीटरपर्यंत उंच असू शकतो, आणि ट्रॅकसाठीचा स्प्लिटर त्याच्याही खाली असतो. दोन्हीकडे चालवायची गाडी असेल तर चार-सहा बोल्टवर निघणारा स्प्लिटर करा. पण तो काढला की मागची विंगही काढा किंवा सपाट करा. नाहीतर येताना मोटरवेवर पहिल्या चुकीतलीच गाडी चालवत असाल.

डिफ्यूझर, कॅनर्ड आणि बाकीची सजावट

खाली सपाट तळ नसेल तर डिफ्यूझर (मागे वर चढत जाणारा तळाचा भाग) नुसता दिखावा. असेल तर कोन सात ते दहा अंशांच्या आसपास सुरू करा. एकदम तिरका केला की हवा पृष्ठभाग सोडते. कॅनर्ड (नाकाच्या बाजूंना लावायची छोटी पाती) थोड्या दाबासाठी बराच ड्रॅग घेतात. सेव्हनसारख्या गाडीवर व्होर्टेक्स जनरेटर (हवेत भोवरे काढणारे छोटे पंख) चिकटवण्याचं कारण मला तरी सापडलेलं नाही. याउलट विंगच्या मागच्या कडेवर उभी लावायची सेंटिमीटरभराची पट्टी, अमेरिकन रेसर डॅन गर्नीने १९७१ मध्ये आणलेली, स्वस्त आणि उपयोगी. पुढे दाब शिल्लक असेल तरच.

गरम होणारी गाडी

ट्रॅफिकमध्ये तापमान चढतं आणि वेगात उतरतं, तर पंखा बघा. उलटं असेल, म्हणजे वेगात चढत असेल, तर तुम्हीच हवेची वाट अडवली आहे. नाकाखाली तळ बंद केला की रेडिएटरमधून आलेल्या हवेला बाहेर पडायला जागा उरत नाही. बॉनेटला लूव्हर (हवा बाहेर सोडणाऱ्या तिरप्या फटी) पाडा, पण पुढच्या भागात. काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब जास्त असतो. तिथे पाडलेल्या भोकातून हवा बाहेर येण्याऐवजी आत शिरते.

कागदपत्रं

ब्रिटनमध्ये नव्या किट कारला आयव्हीए (एकेका गाडीला रस्त्यासाठी मंजुरी देणारी) तपासणी द्यावी लागते. बाहेर आलेल्या, माणसाला लागू शकतील अशा कडांना किमान अडीच मिलिमीटरची गोलाई लागते, म्हणून धारदार स्प्लिटर तपासणीनंतरच्या यादीत ठेवा. नंतर लावलेलं सगळं विमा कंपनीला कळवा. आणि रस्त्याच्या पॉलिसीत ट्रॅक डे बहुतेक वेळा धरलेला नसतो, तो वेगळा घ्यावा लागतो. भारतात मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे: निर्मात्याने मुळात दिलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल चालत नाही. ब्रिटनमधलं पाहून पुण्यात तसंच करायला जाऊ नका.

मोजल्याशिवाय ‘फरक पडला’ म्हणणं

लोकरीचे बोटभर लांबीचे धागे कागदी टेपने विंगच्या खालच्या बाजूला चिकटवा आणि दुसऱ्या गाडीतून व्हिडिओ काढायला सांगा, ट्रॅकवर, परवानगी घेऊन. धागे सरळ मागे पडलेले हवेत. ते गोल फिरत असतील किंवा उलटे वळत असतील तर हवा पातं सोडतेय; कोन कमी करा. सेव्हनमध्ये मधले धागे बहुधा वेडेवाकडेच दिसतील, कारण पुढे उभी काच, डोकी आणि रोल बार (गाडी उलटली तर डोकं वाचवणारा दांडा) आहेत. मग विंग वर घ्यावी लागेल किंवा काच काढून छोटी एअरोस्क्रीन (बुटकी वारा-काच) लावावी लागेल. वर घेतलीत तर पायांचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून.

वेळ बघायची तर तीनदा बघा: विंगशिवाय, विंगसह, पुन्हा विंगशिवाय, त्याच दिवशी, टायर सारखेच गरम असताना. पहिली आणि तिसरी वेळ जुळली नाही तर मधल्या आकड्याला अर्थ नाही; ट्रॅक सुकला असेल, वारा फिरला असेल किंवा तुमचाच हात बसला असेल.