किल्ली फिरवली की नुसतं टकटकटक : धक्का स्टार्ट शेवटी असा जमला

जुनी पेट्रोल गाडी, मॅन्युअल गिअर. किल्ली फिरवली की टकटकटक, डॅशबोर्डचे दिवे मंद. बॅटरीचे टर्मिनल घासून पुसले, हेडलाईट-पंखा बंद करून पुन्हा पाहिलं, काही नाही. मग पहिल्या गिअरमध्ये ढकलली, तर क्लच सोडताच गचका बसून गाडी जागीच थांबली. दोनदा. शेजारचे काका घामाघूम, आणि मला ऑफिसला उशीर.

चूक गिअरची होती. पहिल्यात इंजिनाचा अडसर फार, दुसऱ्यात कमी.

जमलं ते असं: किल्ली ऑनवर (नाहीतर स्टिअरिंग लॉक होऊ शकतं, पेट्रोलही पोचत नाही), क्लच पूर्ण दाबलेला, दुसरा गिअर, मग हँडब्रेक खाली. दोघांनी मागून ढकललं. माणूस पळू लागेल इतका वेग येताच क्लच झटकन सोडला. इंजिन धडधडलं त्याच क्षणी क्लच पुन्हा दाबला, थोडा रेस दिला, मग न्यूट्रल. त्यानंतर अर्धा तास इंजिन बंद केलं नाही, थेट बॅटरीवाल्याकडे.

इंजिन बंद असताना ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड लागतात, त्यामुळे उतारावर जपून. दिवे अजिबातच लागत नसतील तर धक्क्याचा उपयोग नाही, इंधनपंपालाही करंट लागतो. ऑटोमॅटिक गाडीवर हा प्रयोग करू नका.